नाक मुरडणं पुरे, हिशेब बघा

हल्ली “आजकालची गाणी म्हणजे कचरा” अशा पोस्टखाली कुणीतरी हमखास जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नोचं नाव टाकतं. भांडवलशाहीने संगीताचा माल करून टाकला, तो आधीच सांगून गेला होता, वगैरे. सांगून गेला होता हे खरं. पण आपण त्याच्याकडून नेमकी नको ती गोष्ट उचलतोय, असं माझं मत आहे.

अडोर्नो १९३८ साली न्यूयॉर्कला पोचला. नाझी जर्मनी सोडावी लागलेला, त्यात व्हिएन्नात संगीतकार आल्बान बेर्गकडे संगीतरचना शिकलेला. काम मिळालं ते प्रिन्स्टनच्या रेडिओ संशोधन प्रकल्पात. पैसा रॉकफेलर फाउंडेशनचा, प्रमुख समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड. लाझार्सफेल्ड आणि सीबीएस या अमेरिकन रेडिओ कंपनीचे फ्रँक स्टँटन यांनी एक यंत्र तयार केलं होतं. श्रोत्याच्या हातात दोन बटणं द्यायची. कार्यक्रम चालू असताना आवडलं तर हिरवं दाबायचं, नाही आवडलं तर लाल. कुठल्या क्षणी किती जणांनी काय दाबलं, त्याची नोंद होत राहायची. अडोर्नोला हा प्रकार अजिबात झेपला नाही. संस्कृती मोजायला सांगितल्यावर त्याच्या मनात आलं की मोजमापाच्या वृत्तीला जिथे थारा नाही, तीच कदाचित संस्कृती. पुढे त्याच्या संगीत विभागाचा निधी थांबला.

लोकांना मात्र लक्षात राहतो तो जाझला नावं ठेवणारा अडोर्नो. लोकप्रिय गाण्यांचा सांगाडा एकच असतो, वरचा रंग तेवढा बदलतो, आणि ऐकणाराही हळूहळू पोरकट होत जातो, हे त्याचं म्हणणं. सांगाड्याचा मुद्दा ठीक आहे. पण जाझवरचं त्याचं लिखाण आज वाचवत नाही. कृष्णवर्णीय वादकांनी त्या सांगाड्याच्या आत काय उभं केलं, ते त्याच्या कानांनी घेतलंच नाही.

अशा तुच्छतेचं पुढे काय होतं, ते आपल्याकडे घडून गेलंय, तेही एका मराठी माणसाच्या हातून. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार. आकाशवाणीवर शास्त्रीय गायक-वादकांना त्यांनी जागा आणि मान मिळवून दिला, ते श्रेय त्यांचंच. पण सिनेसंगीत त्यांना हलकं वाटायचं आणि ते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं. श्रोते सुधारले का? ते श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे गेले. तिथेच अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच १९५२ साली सुरू झाली, नावात टूथपेस्टचा ब्रँड घेऊन. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली आणि १९६७ मध्ये तिच्यावर जाहिराती आल्या, सुरुवात मुंबई-पुणे-नागपूरपासून. लोकांच्या आवडीला नाकं मुरडून बाजार हटला नाही, उलट श्रोते आयतेच त्याच्या दारात गेले.

म्हणून मला अडोर्नोच्या आवडीनिवडीपेक्षा ती दोन बटणं महत्त्वाची वाटतात. ती आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. फरक एवढाच की तेव्हा श्रोत्याला मुद्दाम बोलावून बसवायचे आणि आपण बटण दाबतोय हे त्याला ठाऊक असायचं. आता गाणं पुढे ढकललं, परत लावलं, अर्ध्यात सोडलं, सगळ्याची नोंद होते.

कुणी म्हणेल, संगीताला माध्यमाची बंधनं नवी नाहीत. बरोबर. १९०२ मध्ये गायिका गौहर जाननेही तबकडीच्या तीनेक मिनिटांत राग बसवला होता. पण तुम्ही सुई कधी उचललीत, हे ती तबकडी कंपनीला कळवत नव्हती.

आता कळतं आणि त्यावर पैसे ठरतात. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. ख्यालातल्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचं एक आवर्तनसुद्धा तेवढ्या वेळात पुरं होत नाही! पाऊण तासाचा ख्याल सलग एका ट्रॅकवर टाकला तर तो एकदाच मोजला जाणार आणि दोन मिनिटांचं गाणंही एकदाच. त्यात २०२४ पासून नियम असा की मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतून काहीच मिळत नाही.

आणि अशा अ‍ॅपला तुम्ही भरता ती वर्गणी? समजा, महिनाभर तुम्ही एकाच भारुडकाराला ऐकलंत. तुमचे पैसे त्याच्याकडे जातील असं वाटत असेल तर विसरा. सगळ्यांचे पैसे एका हौदात पडतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढे हक्कधारकांना जातात. हक्कधारक म्हणजे बहुतेकदा कंपनी, कलाकार तिच्या मागे रांगेत. दुसरी पद्धत अशक्य आहे असंही नाही. श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच द्यायची योजना साउंडक्लाउड या ऑनलाइन संगीत सेवेने २०२१ मध्ये काही कलाकारांसाठी सुरू केली.

कॅनडाचा माध्यम-अभ्यासक डॅलस स्माइद याने १९७७ मध्येच लिहून ठेवलंय की जाहिरातींवर चालणाऱ्या माध्यमांचा खरा माल म्हणजे श्रोते. कार्यक्रम हे नुसतं आमिष. फुकटात ऐकणाऱ्यांनी हे वाक्य दोन जाहिरातींच्या मधल्या वेळात वाचावं.

आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क निर्माता करारात लिहून घेऊ शकणार नाही, अशी तरतूद आली. त्या लढ्यात जावेद अख्तर पुढे होते. गाण्यांचा दर्जा घसरला म्हणून गळा काढून हे मिळालेलं नाही. करारातल्या एका कलमावर बोट ठेवून भांडल्यावर मिळालं.

तेव्हा कमेंटमध्ये “पण हल्लीची गाणी खरंच वाईट आहेत हो” असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा. फक्त तुमच्या आवडत्या लोकगायकाच्या गाण्यांचे हक्क आज कुणाच्या नावावर आहेत, तेही शोधून सोबत टाका.