गोव्यात गाडीशिवाय भागत नाही, हे कितपत खरं?

गोव्यात चारचाकीशिवाय कुटुंब चालवता येत नाही, सायकल रविवारच्या हौशींसाठी आणि बस दुसरा इलाज नसलेल्यांसाठी, असं म्हणणं गावोगावच्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतं. कारणंही ठरलेली असतात: अंतरं, पाऊस, चढ, बसचा भरवसा नाही, मुलं लहान, रस्ते जीवघेणे, रात्री-अपरात्री काय करायचं. यातली काही कारणं खरी आहेत, काही अर्धी खरी आहेत, आणि काही फक्त चुकीची सायकल घेतल्यामुळे खरी वाटतात. चारचाकी आयुष्यात कधी लागूच नये, असा इथे आग्रह नाही. ती स्वतःची घेऊन रोज दारात उभी ठेवायलाच हवी का, एवढाच प्रश्न आहे.

अंतराचं आधी घेऊ. पणजी ते म्हापसा १३ किलोमीटर, पणजी ते मडगाव ३३-३४, फोंडा ३० च्या आसपास. सगळं राज्य मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर. पणजी-मडगाव रोज सायकलने जा, असं कुणी सांगत नाही. त्यासाठी कदंबची, म्हणजे सरकारी बससेवेची, शटल आहे, खिडकीवर तिकीट काढून बसलं की मध्ये थांबत नाही. अडतं ते घरापासून तिठ्यापर्यंत. वाड्यातून मुख्य रस्त्याला यायला दोन-तीन किलोमीटर, पलीकडे उतरल्यावर कचेरीपर्यंत आणखी एखादा. हे तुकडे चालत पाऊण तास खातात, म्हणून माणूस पूर्ण ३० किलोमीटर गाडीच काढतो. सायकलवर तेच तीन किलोमीटर बारा-पंधरा मिनिटांत होतात. अडचण लांब अंतराची नसून दोन टोकांच्या लहान अंतराची आहे, आणि ती सायकलने सुटते.

त्यामुळे सुरुवात सायकलच्या दुकानात करू नये, वहीत करावी. चार आठवडे घरातली प्रत्येक फेरी लिहायची: कोण गेलं, कुठे, किती किलोमीटर, किती वाजता, हातात काय होतं. मग तीन किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या वेगळ्या काढायच्या. दूध, भाजी, फार्मसी, बँक, शिकवणी, देऊळ, बसथांबा अशा त्या निघतात. आधी फक्त याच सायकलवर आणाव्या. आठ किलोमीटरच्या वरच्या फेऱ्यांना पहिल्या वर्षी हातही लावू नये.

पावसाचा मुद्दा सगळ्यात जोरात मांडला जातो. पण ऐन जुलैतही पोदेर, म्हणजे पाववाला, भल्या सकाळी भोंपू वाजवत येतोच. मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक घट्ट बांधलेलं असतं आणि आत उंडे (गोल पाव) कोरडे राहतात. बरेच पोदेर आता स्कूटरवर गेले, पण जे सायकलवर आहेत त्यांची सायकल नीट पाहावी. दोन्ही चाकांवर पूर्ण लांबीचे मडगार्ड, साखळीवर पत्र्याचं कव्हर, भक्कम कॅरियर, दोन पायांचा स्टँड. दुकानात मुलांना आणि तरुणांना विकली जाणारी ‘एमटीबी’, म्हणजे जाड टायरची माउंटन बाइक, यातलं एकही घेऊन येत नाही. तिच्यावरून दोन दिवस भिजत आलेला माणूस पावसाला दोष देतो, पण पाठीवर लाल चिखलाची रेघ उठते ती मागचा मडगार्ड नसल्यामुळे. पुढच्या मडगार्डला रबरी पट्टी लावून ती जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत आणली, तर बूट आणि साखळी दोन्ही वाचतात.

पावसात खरं नुकसान होतं ते समुद्रावरच्या खाऱ्या हवेने आणि जांभ्या दगडाच्या मातीने. ही माती दळलेल्या विटेसारखी बारीक असते. ती ब्रेकच्या रबरात रुतून बसते आणि दर वेळी दाबलं की रिम कानशीसारखी घासते. आठवड्यातून एकदा चाक काढून ब्रेकशूमधले खडे सुईने टोकरून काढले, तर रिम बरीच वर्षं जाते. नाही काढले, तर एका पावसाळ्यातही रिमवर चर उमटतात. ओल्या रिमवर ब्रेक चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत धरत नाहीत, ते आधी पाणी पुसतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच हलके ब्रेक लावून रिम कोरडी करून घ्यायची.

साखळीला पावसात आठवड्यातून एकदा तेल. आधी फडक्याने पुसायची, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. वर राहिलेलं तेल माती धरतं आणि तीच माती साखळी खाते. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल घालू नये, ते घट्ट होऊन चिकटतं. जूनच्या आधी सीटचा दांडा बाहेर काढून त्याला ग्रीस लावायलाच हवं. नाही तर ऑक्टोबरपर्यंत तो फ्रेममध्ये असा जाम बसतो की सीट वरखाली होत नाही, आणि मग एका सायकलवर घरातलं एकच माणूस बसू शकतं. पंक्चर पावसात वाढतात, कारण ओल्या टायरमध्ये काच आणि काटा सहज शिरतो. शिवाय ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही. त्यामुळे वाटेत ठिगळ लावत बसण्यापेक्षा एक नवी ट्यूब आणि दोन टायर लिव्हर सीटखाली ठेवायचे आणि ठिगळ घरी लावायचं.

रेनकोट पँटसह दोन तुकड्यांचा हवा. पोंचो वाऱ्यात फुगतो आणि मांडवीच्या पुलावर तो धोक्याचाच. आणि पाऊस सरींनी येतो. सर मोठी असेल तर वीस मिनिटं दुकानाच्या पडवीत थांबावं, स्कूटरवालेही तेच करतात.

चढाचं कारण निम्मं सायकलच्या गियरात आहे. जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ दात, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे पाच मीटर चाळीस सेंटीमीटर जाते. पर्वरीचा किंवा आल्तिन्होचा चढ त्यावर कुणालाच जड जाईल. पुढे ३२ आणि मागे ३४ दात असलेली २६ इंची सायकल एका फेऱ्यात दोन मीटरही जात नाही. वेग चालण्याहून थोडाच जास्त, पण दम लागत नाही आणि गुडघे दुखत नाहीत. सात गियरच्या सायकलला मागचा १४–२८ चा फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) काढून १४–३४ चा बसवता येतो. मात्र त्याबरोबर लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि दोन-चार कड्या लांब साखळी लागते. हे न बदलता फक्त फ्रीव्हील टाकला, तर मोठ्या दातावर साखळी ताणून डिरेलरच मोडतो. घर टेकडीवरच असेल, रोज मूल आणि सामान दोन्ही न्यायचं असेल, तर बॅटरीची सायकल सरळ घ्यावी. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर नोंदणी आणि परवाना लागत नाही. घेताना हे दोन आकडे कागदावर पाहून घ्यावे.

सपाट रस्ताही कमी नाही. पणजी ते रायबंदर हा सतराव्या शतकातला बांध तीनएक किलोमीटर जवळजवळ पाण्याच्या पातळीवर जातो. खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांतले, रस्ते तसेच. आणि फेरीबोट हे तर गोव्याचं असं साधन आहे जे गाडीवाल्याच्या हिशेबातच येत नाही. बेती–पणजी, चोडण–रायबंदर, दिवाडी–जुने गोवे, कुठ्ठाळी–मडकई. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, सायकल ढकलत नेता येते. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला मनाई आहे, जुन्या पुलांवर गाड्यांची गर्दी. बेतीहून फेरीने पणजीत उतरणं सायकलवाल्याला त्यामुळे कितीतरी सुखाचं. एकच जपायचं, धक्क्यावर सायकलवरून उतरायचं. उतरणीच्या खालच्या भागावर शेवाळ असतं, ओहोटीला तो भाग उघडा पडतो आणि चढ-उतारही वाढतो. फेरीच्या लोखंडी पाट्यावर ओला टायर आडवा सरकतो. चाक सरळ ठेवून, सायकल आपल्या डाव्या हाताला घेऊन चालत जायचं.

बसचा भरवसा नाही, ही तक्रार खरी आहे, पण सगळ्या मार्गांना सारखी लागू नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा यांना जोडणाऱ्या मार्गांवर दिवसभर बस मिळते. अडचण गावातल्या खाजगी बसची, तीही तीन वेळा: दुपारी जेवणानंतर, रविवारी आणि संध्याकाळी आठच्या पुढे. सायकल असली की गावातल्या त्या बसवर अवलंबून राहावं लागत नाही, थेट मोठा थांबा गाठता येतो. तिथे ठेवायला जुनी सायकल बरी. मागचं चाक आणि फ्रेम मिळून खांबाला कुलूप घालायचं. नुसतं चाक बांधलं, तर चाकच तेवढं राहतं. हाताने सैल होणारी सीटची क्लिप काढून तिथे स्पॅनरचा बोल्ट बसवायचा. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत मात्र मोठा थांबाच दहा-पंधरा किलोमीटर लांब असतो. तिथल्या कुटुंबाला हा उपाय लागू पडत नाही, आणि तिथे निदान एक स्कूटर लागणारच.

मुलांबाबत नियम कडक ठेवावे. मूल स्वतः नीट बसायला लागून मान आणि हेल्मेट दोन्ही सांभाळेपर्यंत, म्हणजे साधारण वर्षाचं होईपर्यंत, सायकलवर घेऊ नये. मागच्या बेबी सीटची मर्यादा बहुतेक वेळा २२ किलो असते, पण कॅरियर किती किलोचा आहे ते वेगळं पाहावं लागतं. सीटचं वजनही त्यातच धरायचं. सगळ्यात जास्त इजा होते ती टाच आरीत अडकून. त्यामुळे पायाला पट्टा आणि चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी हवीच. आपल्याकडचा साडी गार्ड एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला तसाच बसवून घ्यावा. सामान आधी चढवायचं, मूल शेवटी. उतरवताना मूल आधी. मूल सीटमध्ये असताना स्टँडवरच्या सायकलचा हात क्षणभरही सोडायचा नाही. अनेक शाळांना बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणारी बस, आहे, तिथे शाळेचा प्रश्न उरतच नाही. उरते ती शिकवणी आणि मैदान.

रस्ते धोक्याचे आहेत, हा त्या सगळ्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा आणि तो खोडून काढण्यात अर्थ नाही. उत्तर आहे ते वाट निवडण्यात. महामार्ग ६६ वरून मूल घेऊन सायकल चालवू नये, मग ते दोनच किलोमीटर का असेनात. झुआरी पूल शटलने ओलांडावा. वाड्यांतून, बांधांवरून जाणारी वाट किलोमीटरभर लांब पडली तरी तीच घ्यावी, आणि ती आधी एकट्याने, त्याच वेळेला, दोनदा चालवून पाहावी. सकाळी सातची शांत गल्ली संध्याकाळी साडेसहाला तशी नसते. अगदी कडेने जाऊ नये. डांबराची कड आणि मातीचा उतार यांत चार बोटं फरक असतो, चाक त्यात घसरलं की माणूस रस्त्याच्या बाजूला पडतो. कडेपासून हातभर आत राहावं. मागचा लाल दिवा पावसाळ्यात दिवसाही लावावा. मोठ्या चौकात उतरून पायी ओलांडण्यात कमीपणा नाही.

बाजाराचं फार बोलायला नको. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत पंधरा किलो सहज मावतं, वजन खाली ठेवायचं, टोपलीत वर नाही. तांदूळ, नारळ, सुकी मासळी मे महिन्यात पुरुमेंताला एकदाच टेम्पोने भरून घेण्याची आपली जुनी रीत आहेच. ती पाळली की पावसात फक्त भाजी आणि पाव उरतो. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान आणि गणपती यांसाठी एक दिवस गाडी भाड्याने घ्यायची. पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, ते पाहून घ्यावं. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेणं बेकायदा, आणि अपघातात विमा अडतो.

पैशांचं गणित असं मांडून पाहावं. आठ लाखांची गाडी दहा वर्षांनी दोन लाखांना गेली, तर वर्षाला ६०,००० तिथेच गेले. विमा आणि सर्व्हिसिंग मिळून २५,००० धरू. वर्षाला ८,००० किलोमीटर, लिटरला १५, पेट्रोल ९५ रुपये, म्हणजे आणखी ५० हजारांवर. एकूण महिन्याला अकरा हजारांच्या पुढे. यातले तीन हजार दर महिन्याला टॅक्सी, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) आणि भाड्याच्या गाडीसाठी वेगळे काढून ठेवावे, आणि ते खर्च करताना मन खाऊ देऊ नये. पहिल्याच वर्षी गाडी परत घेण्याची वेळ बहुतेक वेळा याच कारणाने येते: टॅक्सीला पैसे देणं जिवावर येतं, माणसं भिजत, थकत सायकलवरच जातात आणि चार महिन्यांत विटतात.

राहिली रात्र. गंभीर आजारात स्वतःची गाडी काढणं हा तसाही बरा मार्ग नव्हे, १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिकेत प्राणवायू असतो, घरच्या गाडीत नसतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती स्टिअरिंगही राहत नाही. कमी गंभीर दुखण्यासाठी गावातल्या दोन टॅक्सीवाल्यांशी दिवसा बोलून ठेवावं, रात्री येणार का आणि किती घेणार ते आधीच ठरवावं. रात्री दोन वाजता पहिल्यांदा फोन केला, तर कुणी उचलत नाही. हे दोन नंबर, जवळच्या पायलटचा नंबर, आणि पणजी, म्हापसा किंवा मडगावहून आपल्या तिठ्यावर येणाऱ्या शेवटच्या बसची वेळ एका कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवावी. रविवारची वेळ वेगळी लिहावी. आणि दर जूनमध्ये कंडक्टरला पुन्हा विचारून घ्यावं, कारण शेवटची फेरी न सांगता बंद होते.