महिन्याला पन्नास हजार आणि ‘मुद्दल तसंच’: एका फॉरवर्डचा हिशोब

“पन्नास लाख इक्विटी म्युच्युअल फंडात टाका, एसडब्ल्यूपी लावा आणि आयुष्यभर दरमहा पन्नास हजार घ्या. फंड वर्षाला १२ टक्के देतोच, त्यामुळे मुद्दल तसंच राहतं, पुढे मुलांना मिळतं. टॅक्स शून्य. बाजार पडला तरी काळजी नाही, सरासरी होते. पोस्टात ठेवाल तर पैसे सडतील.”

हा मेसेज बरेच दिवस ग्रुपवर फिरतोय. तो पुढे ढकलणाऱ्यांचं वय बहुधा तिशीत असतं, त्यामुळे आजवर दुर्लक्ष करता आलं. परवा मात्र तो पुढच्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या काकांपर्यंत पोचला आणि त्यांनी विचारलं, “पीएफ हातात आला की फॉर्म कुठे भरायचा?” म्हणून हे लिहिणं आलं.

आधी एवढं स्पष्ट करू. एसडब्ल्यूपी (सिस्टिमॅटिक विथड्रॉल प्लॅन) म्हणजे व्याज नव्हे, पेन्शन तर नव्हेच. ठरलेल्या तारखेला तुमच्या फंडाची काही युनिट, म्हणजे फंडातले तुमचे हिस्से, विकली जातात आणि ते पैसे बँक खात्यात येतात. फंड काही ‘देत’ नाही. तुम्हीच तुमचा माल थोडाथोडा विकून खाता.

“बाजार पडला तरी सरासरी होते” हे मेसेजमधलं सगळ्यात भयंकर वाक्य. ते एसआयपीवरून, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्यावरून, उचललंय आणि उलटं लावलंय. एसआयपीत बाजार पडला की त्याच पैशात जास्त युनिट मिळतात, म्हणून पडझड पथ्यावर पडते. एसडब्ल्यूपीत त्याच पैशासाठी जास्त युनिट विकावी लागतात. एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, १०० असताना पन्नास लाखांची ५०,००० युनिट मिळाली असं धरा. पन्नास हजारांसाठी महिन्याला ५०० युनिट जातात. एनएव्ही ५० वर आली की १,००० जातात. पुढे बाजार सावरला तरी ती जास्तीची विकलेली युनिट परत येत नाहीत. बाजार सावरतो, पण त्या सावरण्यात भाग घ्यायला तुमच्याकडे युनिटच कमी उरलेली असतात.

सेन्सेक्सचे वर्षअखेरचे आकडे मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. २००७ अखेर २०,२८७. २००८ अखेर ९,६४७. मग १७,४६५, २०,५०९, १५,४५५, १९,४२७, २१,१७१ आणि २०१४ अखेर २७,४९९. आता या आकड्यांवर मेसेजमधली योजना चालवून बघा. वर्षाचे सहा लाख, सोयीसाठी निम्मे वर्षाच्या सुरुवातीला आणि निम्मे शेवटी काढले असं धरलंय.

२००७ च्या डिसेंबरअखेर पन्नास लाख टाकले. वर्षभरात उरले १९ लाख ३५ हजार. २००९ मध्ये सेन्सेक्स ८१ टक्के उसळला, तरी खातं जेमतेम २६ लाख ६० हजारांवर. २०११ अखेर साडेतेरा लाखांच्या आत. २०१३ अखेर साडेचार लाखांच्या आसपास. २०१४ संपायच्या आत शून्य. आणि २०१४ मध्ये सेन्सेक्स जवळपास ३० टक्के चढला होता! लाभांश हिशोबात धरला तर शेवट काही महिने पुढे सरकेल, टळणार नाही.

हेच पैसे हात न लावता ठेवले असते तर २०१४ अखेर ६७ लाखांच्या वर गेले असते. म्हणजे बाजाराने फसवलं नाही. पैसे काढण्याच्या वेळेने मारलं.

दुसरा माणूस बरोबर एक वर्षानंतर, २००८ अखेर, निवृत्त झाला. तेवढेच पन्नास लाख, तेवढेच महिना पन्नास हजार. २०१४ अखेर त्याच्याकडे सुमारे ८६ लाख. निवृत्तीच्या तारखेत एका वर्षाचा फरक. पहिल्याकडे काही नाही, दुसऱ्याकडे ८६ लाख. मेसेज लिहिणाऱ्यांकडे नेहमी या दुसऱ्या माणसाचा स्क्रीनशॉट असतो. आपण चांगल्या वर्षी निवृत्त झालो की वाईट, हे निवृत्त झाल्यावर सहा-सात वर्षांनी कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

बरं, बाजार कधीच पडणार नाही आणि दरवर्षी न चुकता १२ टक्के मिळतील असं मानू. तरीही ‘मुद्दल तसंच’ खोटंच. वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का नव्हे, ०.९५ टक्क्याच्या किंचित आत. महिन्याला १ टक्का चक्रवाढीने लावला तर वर्षाचे १२.६८ टक्के होतात, आणि बरेच कॅल्क्युलेटर तेच करतात. खरे १२ टक्के धरून महिन्याला पन्नास हजार काढत राहिलं तर पन्नास लाख सुमारे सव्वीस वर्षांत संपतात. साठीला निवृत्त झालेला माणूस शहाऐंशीला रिकामा. मुलांना मिळायचं मुद्दल कुठे गेलं?

आणि सव्वीस वर्षं पन्नास हजारच पुरणार, हे गृहीत धरलंय. महागाई ६ टक्के असेल तर बारा वर्षांत पन्नास हजारांची किंमत आजच्या पंचवीस हजारांएवढी होते. म्हणून काढायची रक्कम दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवली तर, न चुकता १२ टक्के मिळत असूनही, खातं साडेअकरा वर्षांत संपतं.

मग किती काढावं? विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या बाजाराचा जुना इतिहास तपासून साधारण ४ टक्क्यांचा आकडा मांडला: पहिल्या वर्षी एकूण रकमेच्या ४ टक्के काढा, पुढे महागाईइतकी वाढ द्या, म्हणजे तीस वर्षं पैसे पुरतात. आकडा अमेरिकेचा आहे, इथे डोळे झाकून लावू नये. पण मेसेज त्याच्या तिप्पट काढायला सांगतोय. चार टक्क्यांच्या हिशोबाने पन्नास लाखांवर महिन्याला साडेसोळा हजारांच्या थोडं वर सुटतात. महिना पन्नास हजार हवे असतील तर दीड कोटी लागतात. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, म्हणूनच ते फॉरवर्ड होत नाही.

टॅक्सच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, मान्य करायला हवं. कर पूर्ण पन्नास हजारांवर नाही, विकलेल्या युनिटवरच्या नफ्यापुरताच लागतो. एनएव्ही १०० ची ११२ झाली असेल तर पन्नास हजारांत नफा फक्त ५,३५७ रुपये. २३ जुलै २०२४ पासून इक्विटी (शेअर) फंडाच्या दीर्घ मुदतीच्या, म्हणजे वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या युनिटवरच्या, नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. म्हणून सुरुवातीची वर्षं कर जवळपास शून्य येऊ शकतो. पण दरवर्षी १२ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी पन्नास हजारांत नफाच चौतीस हजारांच्या घरात जातो आणि वर्षाचा कर पस्तीस हजारांच्या आसपास, वर सेस. इतर उत्पन्न कमी असेल तर मूळ सूट मर्यादेतला (जिथपर्यंत उत्पन्नावर करच नसतो) न वापरलेला भाग इथे कामी येतो, ते वेगळं. पैसे टाकल्या टाकल्या पुढच्या महिन्यापासून एसडब्ल्यूपी लावली तर पहिल्या बारा महिन्यांच्या नफ्यावर २० टक्के कर, शिवाय बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाच्या आत युनिट विकली तर १ टक्क्यापर्यंत एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याबद्दलची कपात. मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

“पोस्टात सडतील” हे वाक्य अर्धं खरं. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. व्याज पूर्ण करपात्र, हातात येणारी रक्कम पाच वर्षं जशीच्या तशी, आणि महागाई काही थांबत नाही. सगळेच पैसे तिथे ठेवले तर खरंच आक्रसतील. पण दराचा आढावा तिमाहीला होत असला तरी तुमच्या खात्याला उघडलेल्या दिवसाचा दर पाच वर्षं बांधलेला असतो, आणि २००८ सारख्या वर्षातही तिमाहीचं व्याज ठरल्या दिवशी येतं. याला सडणं म्हणत नाहीत.

आणि मेसेजच्या तळाशी ‘गुंतवणुकीसाठी संपर्क’ असेल तर तिथे एआरएन क्रमांक आहे का बघा. तो म्युच्युअल फंड वितरकाचा नोंदणी क्रमांक. रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या, प्लॅनमध्ये तुमचे पैसे फंडात असेपर्यंत त्याला कमिशन मिळत राहतं. त्यात बेकायदा काही नाही, पण सल्ला कुठून येतोय ते कळतं.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. पन्नास लाखांतले तीस लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, तीच कमाल मर्यादा आहे. तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पाच लाख लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांचा, फारसा वरखाली न होणारा फंड) किंवा एफडीत, अडीअडचणीला आणि महिन्याची तूट भरायला. उरलेले पंधरा लाख इंडेक्स फंडाच्या (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकामागे चालणारा फंड) डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवायच्या, प्लॅनमध्ये, एकदम न टाकता वर्ष-दीड वर्षात हप्त्यांनी, आणि निदान पाच वर्षं हात लावायचा नाही. एसडब्ल्यूपी लावायचीच असेल तर लिक्विड फंडातून लावा. इक्विटीतून वर्षातून एकदाच पैसे काढून लिक्विडमध्ये भरा, तेही बाजार वर असेल त्याच वर्षी. पडलेला असेल तर ते वर्ष सोडून द्या.

काकांचं वय ५८ आहे, त्यामुळे एक अट लक्षात ठेवा. साठीच्या आधी निवृत्त झालेल्यांना ५५ पासून या योजनेत येता येतं, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं आणि मिळालेल्या निवृत्ती रकमेपेक्षा जास्त भरता येत नाही. कंपनीकडून निवृत्तीची तारीख आणि मिळालेली रक्कम लिहिलेला दाखला आधीच मागून ठेवा. पोस्टात आणि बँकेतही पहिल्यांदा तोच विचारतात.