केपी कमी म्हणून निर्धास्त? ध्रुवाचं माप नागपूरला लावताना

मे 2024च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेहून आकाशात तांबडा प्रकाश दिसला. त्यानंतर नागपुरातल्या मोजणीवाल्या आणि ड्रोनवाल्या मंडळींत एक मजकूर फिरू लागला. त्याचा दावा असा: आयनांबरातली (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातली) गडबड ही ध्रुवांकडची भानगड, केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा आकडा) 5च्या खाली असला की काम बिनधास्त सुरू करा, शंका आलीच तर जीपीएस सिग्नलची ताकद बघा, आणि रिसीव्हर दोन फ्रिक्वेन्सींचा असेल तर तेवढंही नको.

आधी ताकदीचं बघू, कारण खुद्द ध्रुवाच्या बाबतीतच हे सर्वांत जास्त चुकतं. अंटार्क्टिकातलं भारती केंद्र 69 अंश दक्षिणेला आहे आणि त्याचं रेखांश नागपूरपासून फार दूर नाही. तिकडे एस4, म्हणजे ताकदीच्या चढउताराचा आकडा (60 सेकंदांतल्या तीव्रतेचं प्रमाण विचलन भागिले सरासरी), बहुधा खालीच राहतो आणि फेज, म्हणजे सिग्नलच्या लहरीची कला, मात्र थरथरतो. म्हणजे ताकदीचे आकडे उत्तम, तरी लॉक (रिसीव्हरची सिग्नलवरची पकड) सुटतो. म्हणून तिथे सिग्मा-फाय मोजतात: सेकंदाला 50 नमुने घ्यायचे, फेजमधला संथ कल गाळायचा आणि दर मिनिटाचं विचलन काढायचं.

खरी मेख या गाळण्यात आहे. सर्रास 0.1 हर्ट्झची सीमा ठेवतात. सिग्नलचं विवर्तन घडवणाऱ्या, म्हणजे त्याला विखरून लुकलुकवणाऱ्या, आयनांबरातल्या रचना साधारण तीनशे-चारशे मीटरच्या असतात. प्लाझ्मा (आयनांबरातला विद्युतभारित वायू) सेकंदाला 100 मीटर सरकत असेल तर त्यांची लुकलुक 0.3 हर्ट्झच्या आसपास पडते. ध्रुवावर तो सेकंदाला किलोमीटरभर वेगाने धावू शकतो, मग तीच लुकलुक 3 हर्ट्झकडे जाते. अशा वेळी 0.1च्या वर जे उरतं त्यात टीईसीच्या (सिग्नलच्या वाटेतल्या एकूण इलेक्ट्रॉनांच्या) साध्या बदलाचाच मोठा वाटा असतो आणि सिग्मा-फाय फुगतो. सीमा वाढवून पुन्हा गणित करायचं. मग दोन्ही फ्रिक्वेन्सींच्या मापांतून आयनांबराचा विलंब वजा करणारा आयनांबर-मुक्त संयोग काढायचा: तो सपाट झाला तर निव्वळ अपवर्तन (सिग्नलला नुसता विलंब), थरथरत राहिला तर विवर्तन.

आणखी दोन भुतं ओळखून ठेवा. सगळे उपग्रह एकाच क्षणी थरथरले तर दोष रिसीव्हरच्या घड्याळाचा. या कामाला साधा क्रिस्टल चालत नाही, तापनियंत्रित लागतो. जीपीएसची तीच थरथर रोज सुमारे 4 मिनिटं आधी उमटली तर ती आसपासच्या वस्तूंवरून होणाऱ्या परावर्तनाची. हा त्रास ध्रुवाजवळ जास्त, कारण जीपीएसच्या कक्षांचा कल 55 अंश. तिथे बरेचसे उपग्रह क्षितिजालगतच राहतात.

दोन फ्रिक्वेन्सींचा मुद्दा यातच निकालात निघतो. एल1-एल2 (जीपीएसच्या दोन फ्रिक्वेन्सी) संयोग फक्त अपवर्तनाचा विलंब काढतो, वर गोंगाट सुमारे तिप्पट करतो. विवर्तन दोन्ही फ्रिक्वेन्सींवर एका प्रमाणात उतरत नाही. शिवाय लॉकच सुटला तर संयोग कशाचा करणार?

आता नागपूर. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि त्याच्या उत्तरेला इलेक्ट्रॉनांचा जो फुगवटा तयार होतो त्याचा माथा साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात येतो. नागपूर त्याच्या आतल्या उतारावर आहे. 1 टीईसी एककाला एल1वर 16 सेंटिमीटर विलंब होतो, म्हणजे 80 एककांना सुमारे 13 मीटर. दुपारी असे आकडे सौरचक्राच्या ऐन भरात नवलाचे नाहीत. बेस (ज्ञात जागेवरचा स्थिर रिसीव्हर) दूर असेल तर उतारामुळे बेसवरचा आणि रोव्हरवरचा (मोजणीच्या फिरत्या रिसीव्हरवरचा) विलंब वेगळा पडतो आणि फिक्सचा (अचूक जागेचा) फ्लोट (ढोबळ जागा) होतो.

इथली लुकलुक सूर्यास्तानंतर सुरू होते आणि मध्यरात्रीपर्यंत चालते, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात. ती प्लाझ्माच्या बुडबुड्यांमुळे (कमी इलेक्ट्रॉनांच्या पोकळ्यांमुळे) होते. चुंबकीयदृष्ट्या शांत दिवशीही बुडबुडे उठतात, उलट एखादं वादळ त्यांना दाबूनही टाकतं. केपी हा मध्यम अक्षांशांवरच्या केंद्रांवरून काढलेला तीन तासांचा आकडा आहे. संध्याकाळचे बुडबुडे त्याला दिसत नाहीत. मजकूर खरा वाटतो तो एवढ्यासाठीच की जमीनमोजणी बहुतेक दिवसा होते.

ताकदीचा सल्ला मात्र इथे काही अंशी चालतो, कारण बुडबुड्यांत ताकद 20 डेसिबलपर्यंतही खचते. पण एका उपग्रहाकडे बघून भागत नाही. सायंकाळी रोव्हर लावायचाच असेल तर बेस जवळ ठेवा, दर 30 सेकंदांच्या नोंदींच्या फाइलवरून दर 5 मिनिटांचा आरओटीआय (टीईसी किती झपाट्याने डळमळतो त्याचा निर्देशांक) काढा, आणि तो ज्या उपग्रहांवर उसळेल तेवढेच वगळून पुन्हा फिक्स घ्या.