व्हॅलेंटाइन डे कार्डवाल्यांनी काढला?

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. तुमचे आक्षेप दोन. हा दिवस कार्ड कंपन्यांनी धंद्यासाठी काढला, त्याला इतिहास कसला. आणि रोमन सम्राट क्लॉडियसने सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली तेव्हा संत व्हॅलेंटाइनने चोरून लग्नं लावली, ही मूळ कथा मी माझ्या लिखाणातून गाळली.

कथा मुद्दामच गाळली. अशा बंदीचा त्या काळातला पुरावा नाही. व्हॅलेंटाइन नावाचे हुतात्मे एकाहून जास्त होते आणि त्यांच्या जुन्या चरित्रांत छळ आहे, चमत्कार आहेत, प्रेमिक कुठेच नाहीत. खुद्द कॅथलिक चर्चनेही १९६९ साली हा दिवस आपल्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून वगळला. प्रेम या तारखेला चिकटलं ते कवींमुळे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरच्या कवितेत या दिवशी पक्षी जोडीदार निवडायला जमतात.

आता कार्डवाले. फेब्रुवारी १४७७. इंग्लंडात कॅक्स्टनचा, म्हणजे तिथला पहिला, छापखाना नुकताच सुरू झालेला. नॉरफोकच्या मार्जरी ब्रूजचं जॉन पॅस्टनशी लग्न ठरत होतं आणि हुंड्यावर अडलं होतं. वडील शंभर पौंड आणि पन्नास मार्कांच्या (मार्क हे तेव्हाचं पैशाचं एक परिमाण) पुढे जायला तयार नव्हते. तिच्या आईने जॉनला कळवलं, शुक्रवारी संत व्हॅलेंटाइनचा दिवस, पाखरं जोडीदार निवडतात, तुम्ही गुरुवारी रात्रीच या आणि यांच्याशी बोला. मार्जरीने वडिलांच्याच कारकुनाकडून पत्र लिहवून घेतलं. त्यात ती जॉनला आपला लाडका व्हॅलेंटाइन म्हणते. आईने खूप खटपट केली पण याहून जास्त मिळणार नाही, माझ्यावर प्रेम असेल तर एवढ्यासाठी मला सोडू नका. तुमची मिळकत आहे त्याच्या निम्मी असती तरी मी तुम्हाला सोडलं नसतं, असं ती कळवते. हे पत्र दुसऱ्या कुणाच्या दृष्टीस पडू नये, अशीही विनवणी आहे. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. हुंड्यापायी मोडलेली लग्नं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत, म्हणून मला हे पत्र फार जवळचं वाटतं.

बाजाराबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये टपाल एका पेनीवर आलं आणि कार्डांचा पूर लोटला; पुढे अमेरिकेत एस्थर हाउलंडने लेस लावलेल्या कार्डांचा मोठा व्यवसाय उभा केला. हॉलमार्क या कार्ड कंपनीची सुरुवात तर १९१० ची. मार्जरीचं पत्र तेव्हा चारशे वर्षांहून जुनं झालं होतं.