चवथीला येताना एखादे रोप आणाच

परदेशात नोकरीला असाल आणि गणेश चवथीला गोव्यात घरी येणार असाल, तर चॉकलेटे आणू नका. ती आता वाळपईतही मिळतात. रोप आणा. तिकडच्या शेजारणीच्या कुंपणावरची एखादी फांदी, मुळाशी मूठभर माती, ओल्या मोज्यात गुंडाळायची आणि बुटात सरकवायची. मोजा वापरलेला घ्यावा, म्हणजे तपासणारा फार खोलात जात नाही.

विमानतळ मोपाचा असो की दाबोळीचा, 'जाहीर करण्यासारखे काही नाही' म्हणणाऱ्यांच्या ग्रीन चॅनेलमधून ताठ मानेने चालायचे. कोणी अडवलेच तर "आईला देवाला फुले लागतात हो" म्हणायचे. एखादा खडूस निघतो, आयात परवाना मागतो, ज्या देशातून रोप आणले तिथले फायटोसॅनिटरी, म्हणजे रोपाला कीड-रोग नसल्याचे, प्रमाणपत्र मागतो. त्याला शांतपणे सांगा, किडींचा कायदा १९१४ चा, इंग्रजांनी केलेला. तेव्हा इथे पोर्तुगीज होते, आमचा काय संबंध? त्याने २००३ चा वनस्पती क्वारंटाइन आदेश पुढे केला, तर लगेच काजूवर या. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. अननस आणला, मिरची आणली. तेव्हा कोणी कागद मागितला होता? मिरचीशिवाय माशांचे हुमण करून दाखव म्हणावे.

पॅलेटचेही तसेच. आयात मालाखालच्या लाकडी चौकटीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. शेजारी 'एचटी' असेल, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले असते, आतल्या अळ्या मराव्यात म्हणून. तुम्ही बिनशिक्क्याचे घ्या, स्वस्त पडते. त्याचे टीपॉय करून किनाऱ्यावरच्या कॅफेत मांडा. खाली पिवळट भुसा पडू लागला, तर 'हस्तकला' म्हणून चार पैसे जास्त लावा.

आता थोडे माझ्या अंगणातले. माडाखाली स्कूटर लावली की संध्याकाळपर्यंत सीट चिकट. आधी वाटले, पोरांनी सरबत सांडले. मग खाली आलेले एक झावळ उलटून पाहिले. पातीच्या मागे पांढऱ्या मेणाची वेटोळी, चकलीच्या साच्यातून काढल्यासारखी. त्यात अंडी. वरच्या अंगाला काळी बुरशी, बोट फिरवले की काजळ. नारळ पाडणारा पाडेली वर पाहून म्हणाला, "हात काळे होतात, जास्त पैसे पडतील." ही चक्राकार पांढरी माशी मूळची मध्य अमेरिकेतली. भारतात ती २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या माडांवर पहिल्यांदा दिसली. रोपांबरोबर आली असावी, असे जाणकार म्हणतात. कोणाच्या बुटातून, ते ते सांगत नाहीत.

तुमच्याही माडावर ती आली, तर जहाल औषध फवारा. दुकानदार देईल ते, सांगेल त्याच्या दुप्पट. या माशीच्या पिल्लांत अंडी घालून त्यांना आतून पोखरणारी एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी असते, ती आधी मरेल. मरू दे. तीही परदेशातूनच, कोणाचा परवाना न घेता आली आहे. शास्त्रज्ञ मात्र तिचे कौतुक करतात आणि फवारू नका म्हणतात. त्यांना पाडेलीचे पैसे द्यायचे नसतात.

तुमचे रोप एव्हाना न्हाणीच्या पाण्यावर छान वाढले असेल. फुटवे मावशीला द्या, वहिनीला द्या, तिच्या फोंड्याच्या माहेरी पाठवा. देऊन उरले तर देवळाच्या आवारात लावा, तिथे उपटायची कोणाची छाती होत नाही.

दोन-तीन वर्षांनी कुळागरातल्या पोफळी पिवळ्या पडू लागल्या, तर ग्रामसभेत पहिले तुम्हीच उठा. सीमेवरचे लोक झोपले होते काय, असा खडा सवाल टाका. टाळ्या पडतील. नुकसानभरपाईचा अर्जही करा. त्यात 'कीड कशी आली' असा रकाना असलाच, तर 'वाऱ्याने' लिहा.