बहात्तर हजारांची बचत

खर्च करा असे मला आयुष्यात कोणी सांगितले नाही. वडिलांनी नाही, शाळेने नाही, आणि बायकोने तर नाहीच. अपवाद फक्त भारत सरकारचा, आणि तोही लेखी.

२०२० च्या ऑक्टोबरची १२ तारीख होती. टाळेबंदीच्या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घसरल्याचे आकडे नुकतेच प्रसिद्ध झाले होते. दुकाने उघडली होती, पण लोक मुखपट्ट्या लावून फक्त दूध आणि कांदे-बटाटे घेत होते. अशा वेळी मागणी वाढावी म्हणून अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केले, की केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना २०१८ ते २०२१ या काळातील एलटीसीचे, म्हणजे रजेतल्या प्रवासासाठी मिळणाऱ्या सवलतीचे, भाडे प्रवास न करताही रोख मिळेल आणि त्यावर प्राप्तिकरही लागणार नाही. मी केंद्र सरकारच्या पुण्यातल्या एका कार्यालयात बावीस वर्षे कारकुनी करून अधीक्षकपदापर्यंत सरपटत आलेला माणूस असल्यामुळे ही बातमी मी घरी मोठ्याने वाचून दाखवली.

"न जाता तिकिटाचे पैसे?" आईने विचारले. "आमच्या वेळी याला वेगळं नाव होतं, आणि त्याची चौकशी लागायची."

परिपत्रक हाती आल्यावर उत्साह जरा ओसरला. माझ्या श्रेणीला रेल्वेचे भाडे लागू होते, म्हणजे माणशी सहा हजार रुपये. मी, सौ., मुलगी आणि माझ्यावर अवलंबून असलेली आई मिळून चोवीस हजार. मात्र ते मिळवण्यासाठी भाड्याच्या तिप्पट, म्हणजे बहात्तर हजार रुपये आधी खर्च करायचे होते, आणि तेही जिच्यावर किमान १२ टक्के जीएसटी आहे अशाच वस्तूवर किंवा सेवेवर, जीएसटी नोंदणी असलेल्याच विक्रेत्याकडे, रोख न देता, बिलावर कराची रक्कम वेगळी दाखवून, ३१ मार्च २०२१ पूर्वी. खर्च कमी पडला तर भाडेही त्याच प्रमाणात कमी मिळणार होते.

"म्हणजे चोवीस हजार मिळवायला आपण खिशातले अठ्ठेचाळीस हजार घालायचे," सौ. म्हणाली.

एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते आणि मंदीत सगळ्यांनीच हात आखडता घेतला तर सगळ्यांचेच उत्पन्न घटते, हे अर्थशास्त्राचे मूलतत्त्व मी तिला समजावून सांगितले.

"मग आपल्या उत्पन्नासाठी कोण खर्च करतंय?"

"सरकार."

"आणि सरकारला कोण देतंय?"

मी परिपत्रकाची घडी घातली. तरीही ३१ मार्चनंतर चोवीस हजार हातचे जाणार, ही गोष्ट तिलाही झोप लागू देईना. मिळणारी सवलत सोडणे हा आमच्या घरात उधळपट्टीचाच प्रकार मानला जातो. तिसऱ्या दिवशी तिने मुलीच्या जुन्या वहीचे कोरे पान फाडून यादी करायला घेतली.

यादी करताना एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. आम्हाला हव्या असलेल्या बहुतेक वस्तू सरकारच्या दृष्टीने पुरेशा महाग नव्हत्या. सौ.च्या मनात चार वर्षांपासून एक पैठणी होती, पण साडीवर कर ५ टक्के. आईला दोन वेढणी करायची होती, पण सोन्यावर फक्त ३ टक्के. पुस्तकांवर कर नाही म्हणून माझे नाव यादीतून पहिल्याच फेरीत कटले. उलट आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर १२ टक्के होते, आणि नाव छापलेल्या बंद पाकिटातल्या बाकरवडीवरही १२ टक्केच. शेजारच्या काकू घरी करून विकतात ती बाकरवडी, जी खरे तर जास्त खुसखुशीत असते, देशाच्या अर्थव्यवस्थेला काडीच्याही उपयोगाची नव्हती. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने यावर तोडगा म्हणून सणासाठीची दहा हजारांची बिनव्याजी उचल घेण्याचे सुचवले. तीही त्याच दिवशी जाहीर झाली होती, आणि दहा हप्त्यांत फेडायची होती. आईने मध्येच विचारले, "परत द्यायचेत ना? मग ते आपले कसे?" तो विषय तिथेच संपला.

शेवटी जे चांगले चालले होते तेच बदलायचे ठरले. अकरा वर्षांचा, नुसता घरघरणारा फ्रिज काढून २६,५०० चा नवा आला. १७,८०० चे कपडे धुण्याचे यंत्र आले. ऑनलाइन शाळेच्या नावाखाली मुलीने १२,९९९ चा मोबाइल पदरात पाडून घेतला, आणि शाळा उघडली तर जायला लागेल म्हणून ६,८०० ची सायकलही. दोन्ही युक्तिवाद एकाच वेळी खरे कसे असतील, हे विचारण्याचे भान त्या दिवसांत कोणाला नव्हते. मिक्सर ४,२०० चा आणि कुकर २,१५० चा.

मिक्सरसाठी मी तपकीर गल्लीत गेलो होतो. दुकानदाराने भाव सांगितला, मी निमूटपणे मान्य केला, आणि तिथेच त्याला संशय आला.

"बिल लागेल का?"

"लागेल. जीएसटी क्रमांकासकट. आणि कर वेगळा दाखवून."

त्याने चष्मा मुखपट्टीवर सरकवून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "प्राप्तिकरमधून आलात का?"

मी योजना समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले, मागच्या पोराला मिक्सर काढायला सांगितले आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हाला घासाघीस करायचीच नाहीये? महाग पडला तर उलट बरंच की तुम्हाला." हे इतके खरे होते की मी पुलापर्यंत त्याच विचारात चालत आलो. मुलीने दरम्यान हिशोब मांडून ठेवला होता. या सगळ्या खरेदीतून जीएसटीच्या रूपाने दहा हजारांहून जास्त रक्कम सरकारच्याच तिजोरीत परत गेली होती. एका हाताने चोवीस देऊन दुसऱ्या हाताने दहा काढून घेणारे हे सरकार मूळचे पुण्याचेच असावे, असे मला वाटू लागले.

याच सुमारास न्यू जर्सीतल्या भाच्याशी बोलणे झाले. त्याला एप्रिलमध्ये तिकडच्या सरकारने बाराशे डॉलर दिले होते. बिल नाही, तिप्पट नाही, टक्के नाहीत. सकाळी उठला तर पैसे खात्यात. मी हळहळून ताईला विचारले, की काय घेतले त्याने. "काही नाही," ताई म्हणाली, "इकडे पाठवले. मी मुदत ठेवीत टाकले, इकडे व्याज बरं आहे." म्हणजे अमेरिकेची मंदी हटवण्यासाठी निघालेले नव्वदेक हजार रुपये औंधमधल्या एका बँकेच्या पावतीत विसावले होते. त्यात भाच्याचा एकट्याचा दोष नाही. २००८ साली बुश सरकारने असेच पैसे वाटले, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी लोकांना विचारून पाहिले होते; पैसे मुख्यतः खर्च करू असे पाचातला जेमतेम एक जण म्हणाला. उरलेल्यांनी बचत केली किंवा कर्ज फेडले. कदाचित म्हणूनच आमच्या सरकारने खर्चाची बिले आधी मागितली असावीत. आईला आणि ताईला ते नीट ओळखून होते.

मार्चच्या अखेरीस बेरीज ७०,४४९ वर अडली. आईचा चष्मा बदलायचाच होता, त्याचे १,४५० धरून ७१,८९९. एकशे एक रुपये कमी! आहेराच्या पाकिटात शोभणारी ती रक्कम खर्च करण्यासाठी मी ३० मार्चला, पुण्याच्या डांबर वितळवणाऱ्या उन्हात, १२ टक्के कर भरून साडेतीनशे रुपयांची छत्री घेतली. दुकानदाराने ती उघडून दाखवण्याचीही तसदी घेतली नाही.

बिले लेखा विभागात दिली. आठ दिवसांनी चष्म्याचे बिल परत आले. त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापले होते, की विक्रेता लहान व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असल्याने त्याला ग्राहकाकडून कर आकारता येत नाही. कर नाही, म्हणून खर्च नाही. चष्म्याच्या बिलावरचे बारीक अक्षर मला चष्मा लावूनही दिसले नव्हते. खर्च ७०,७९९ धरला गेला आणि चोवीस हजारांऐवजी २३,६०० रुपये खात्यात जमा झाले. संध्याकाळपर्यंत आईने त्यांची मुदत ठेव करवून घेतली. जुना फ्रिज गॅलरीत आहे. त्यात पापड आणि छत्री ठेवतो.

२०२५ च्या १ फेब्रुवारीला अर्थसंकल्पात नव्या कररचनेखाली बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, आणि पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत, प्राप्तिकर लागणार नाही अशी घोषणा झाली. मी पुन्हा मोठ्याने वाचून दाखवले.

सौ.ने भाजी निवडता निवडता विचारले, "किती खर्च करायचाय?"

"काहीच नाही."

"बिलं?"

"नाहीत."

"खाली बघा," ती म्हणाली, "बारीक अक्षरात असेल."