चुन्याची निवळी

"चौदा," मी पुटपुटलो आणि तेवढ्यात आईने विचारलं, "चहा टाकू का रे?"

झालं! आता चौदा झाले होते की पंधरा?

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या किचनमध्ये इवल्याशा काचेच्या नळीत ५ मिली समुद्र घेऊन मी उभा असतो. समुद्रही घरचाच, माशांच्या टाकीसाठी बादलीत मीठ कालवून केलेला. त्यात थेंब थेंब औषध सोडायचं, गुलाबीचं निळं होईपर्यंत. एका थेंबाला २० पीपीएम, म्हणजे दहा लाखात वीस भाग. एकवीस थेंब लागले तर कॅल्शियम ४२०, म्हणजे साधारण खऱ्या समुद्राइतकं. माझी रात्रीची झोप या चारसोबीस आकड्यावर अवलंबून असते.

पण निळं म्हणजे किती निळं?

"झालं," मी म्हणतो.

"छे, अजून वांगी आहे," बायको.

"वांगी कुठलं? जांभळी झाक आहे नुसती," आई.

ढिगातून नेमकी साडी उपसणाऱ्या या दोघींपुढे माझ्या डोळ्यांना काय पत!

लेकीने खरं तर एक मासा मागितला होता. मासे गरीब हो, दोन वेळा खायला टाकलं की खूश. प्रवाळं आणायची हौस माझी. ही मंडळी बघायला फुलं, धंद्याने बिल्डर. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून रात्रंदिवस चुनखडीचं बांधकाम चालू. माल पुरवायचा मी. माल संपला की वाढ खुंटते, रंग उतरतो आणि मी ऑफिसात असतानाही मला टाकीच दिसत राहते.

मालाच्या दोन बाटल्या. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा. दोन्ही एकदम ओतू नका, असं बाटलीवर ठळक लिहिलंय. एका सोमवारी मीटिंगला उशीर होत होता, म्हणून मी दोन्ही एकदम ओतल्या. डोळ्यांदेखत टाकीत बर्फ पडला. कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांच्या गळ्यात पडून तळाशी बसले आणि पंपावर, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढतो तसा, पांढरा थर. संध्याकाळी मोजलं तर कॅल्शियम ओतण्याआधी होतं त्याहून कमी!

मग कळलं की मॅग्नेशियम १३०० च्या आसपास नसेल तर कॅल्शियम पाण्यात नीट टिकतच नाही. म्हणजे आणखी एक बाटली, आणखी एक किट, आणखी थेंब. बायकोने त्या महिन्याचं कार्डाचं बिल काही न बोलता फ्रिजवर चिकटवलं.

शेवटी दुकानदाराने जर्मन नावाची पावडर दिली, 'काल्कवासर'. डबा एवढासा, किंमत औषधासारखी. शुद्ध पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी रात्री थेंबाथेंबाने टाकीत सोडायचं. रात्रीच, कारण टाकीवरचे दिवे विझले की तिचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचा आकडा, उतरतो आणि या पाण्याचा असतो बाराच्या वर. मी हे सगळं आईला मोठ्या कौतुकाने समजावत होतो. तिने बादलीत डोकावून पाहिलं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय तिने.

"ही तर चुन्याची निवळी! सातवीत नळीने फुंकून दुधाळ केली होतीस, विसरलास? आणि झाकण ठेव. हवेतला कार्बन डायऑक्साइड खातेय ती. साय धरलीय बघ वर."

खरंच पातळ, करकरीत साय आली होती.

पुढच्या शनिवारी ग्रोसरीच्या दुकानात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, आईने एक पिशवी उचलून माझ्यासमोर धरली. लोणच्यात घालायचा चुना. घटक एकच : कॅल्शियम हायड्रॉक्साइड. किंमत त्या डब्याच्या पाव.

"त्याने तुला चुनाच लावला की रे," आई म्हणाली, "फक्त जर्मन नावाने."

आई आता सांगलीला परत गेलीय. रविवारी व्हिडिओ कॉल येतो. नातीची चौकशी नंतर, आधी टाकीची.

"किती आले?"

"एकोणीस."

"निळं झालं की वांगी?"

मी फोनसमोर नळी धरतो.

"अरे, मला तर हिरवट दिसतंय," आई म्हणते. "थांब, चष्मा आणते."